सहावं पान

लाट मारता येत नाही, फक्त वळवता येते. नियंत्रणकक्षात येणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला निर्मला खोबरेकर हेच सांगत आली होती, आणि प्रत्येक मंत्री मान डोलावून विचारायचा, "मग मारायची कधी?"

समुद्राच्या तळाशी रोवलेले तरंगस्तंभ एका लयीत थरथरू लागले की त्सुनामीचा जोर एका बाजूला ढळायचा. इथलं मरण तिथे जायचं, इतकंच. म्हणून कोकण किनारा शासन आणि समुद्रापलीकडचा रमला प्रांत यांनी नारळ आणि अत्तर देऊन-घेऊन करार केला होता : ज्या किनाऱ्यावर माणसं कमी, तिकडे लाट. आकडे ज्याचे त्याने द्यायचे, दुसऱ्याने विश्वास ठेवायचा.

गणेशचतुर्थीच्या दुपारी समुद्राचा तळ हादरला.

"यंत्र लाट आपल्याकडे वळवतंय," अभियंता रियाझ मुकादम म्हणाला. "नोंदीत आपली खाडीकाठची गावं ओस आहेत. सगळ्यांची रेशनकार्डं मुंबईची."

"आणि आज सगळे घरी."

"घाटात गाड्यांची रांग लागलीय. लोकांना वर काढायला वेळच नाही, मॅडम."

खाडीकाठीच निर्मलाचं माहेर. अंथरुणाला खिळलेली आई, वहिनी, वहिनीची तीन मुलं. भाऊ उत्तम मात्र पलीकडे, रमल्यात गवंडीकाम करत होता. यंदाही त्याला रजा मिळाली नव्हती. निर्मलाने तो विचार बाजूला ठेवला. करार माणसं मोजतो, नाती नाही.

पडद्यावर रमल्याचा प्रमुख हमद आला. मुंबईत शिकलेला, हिंदीत बोलणारा.

"हमदभाई, आमचा आकडा जुना आहे. आजचा देते. धराल?"

"बहनजी, तुम्ही द्याल तो धरीन. पण लवकर. एकदा वळवली की परत वळत नाही."

रियाझने सरपंचांना फोन लावले. डोकी मोजत बसायला सवड कुणाला होती? पण घरोघर पंगत मांडून झाली होती. "केळीची पानं किती मांडलीत, तेवढंच सांगा," निर्मलाने सुचवलं. आकडे भराभर आले.

"रमल्यापेक्षा जास्त भरतोय," रियाझ म्हणाला. "अगदी निसटता."

"जास्त म्हणजे जास्त."

हमदने आकडा वाचला. त्याचं स्वतःचं घर किनाऱ्यावर होतं. "ठीक आहे," तो म्हणाला, "शहर किल्ल्यावर हलवायला घेतो," आणि त्याने संमतीची कळ दाबली. मग निर्मलाने दाबली.

कोकणात पाणी अंगणापर्यंत आलं आणि मागे गेलं.

"वन्सं, सगळी बरी आहोत हो," वहिनी फोनच्या स्पीकरवरून म्हणाली. "जेवायचं मात्र राहिलं. सहाही पानं तशीच पडलीत."

"सहा?"

"असं काय विचारता? पाच आमची नि एक ह्यांचं. परगावच्या माणसाचं पान नको मांडायला? अख्खा गाव मांडतो."

निर्मलाला ते ठाऊक होतं. वडील बोटीवर असायचे तेव्हा त्यांचं पान तीच मांडायची, मीठ डाव्या बाजूला आठवणीने वाढायची. आजच तेवढं आठवलं नव्हतं.

तिने पडद्याकडे पाहिलं. हमद परत आला होता. अंगावरचा पांढरा डगला चिखलाने माखलेला.

"शहर बरंचसं वाचलं," तो म्हणाला. "वाळूवरची कामगार वसाहत गेली, बहनजी. सगळी. तुमच्याच गावांकडची पोरं होती. तिकडे कुणाला पाठवायचं माझ्या ध्यानातच आलं नाही."

"ती तुमच्या आकड्यात होती?" रियाझने विचारलं.

"नाही. ते आमचे रहिवासी नाहीत."

रियाझने वसाहतीतली माणसं कोकणच्या आकड्यातून वजा केली, रमल्याच्या आकड्यात मिळवली. आलेलं उत्तर त्याने निर्मलाला न दाखवता पुसून टाकलं.

"मला वाटलं," हमद म्हणाला, "ते तुमच्या आकड्यात असतील."

"होते," निर्मला म्हणाली.