कोणाचं, कोणाला

कॅनॉट मार्केटच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. कोड लिहिणारे आम्ही दोघंच, मी आणि सोमनाथ. गारखेड्यातल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. पुण्याच्या एका कंपनीला त्याला आपलं ॲप जोडायचं होतं, म्हणून त्या सकाळी मी डॉक्युमेंटेशनचं टूल बसवत होते. काम साधं असतं. पॅकेज टाकायचं, दोनचार ओळी जोडायच्या, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. मग टूल स्वतःच सगळा कोड वाचतं आणि या सॉफ्टवेअरकडून काय काय करून घेता येतं ते एका पानावर मांडतं. पेशंट नोंदवा. वेळ द्या. वेळ रद्द करा. प्रत्येकापुढे 'करून बघा' असं बटण.

पान उघडलं. सगळ्यात खाली एक ओळ जास्तीची होती.

दुखणं हलवा.

त्याखाली दोन रिकाम्या चौकटी: कोणाचं, कोणाला.

"हे तू लिहिलंस?"

"नाय बा." सोमनाथ खुर्ची सरकवत आला.

आम्ही सगळा कोड शोधला. तो शब्द कुठंच नव्हता. मी टूल काढून टाकलं, पुन्हा बसवलं. ओळ तिथंच.

चहा सांगून वर आले, तर सोमनाथ माझ्या जागेवर बसलेला. पहिल्या चौकटीत त्यानं आईचं नाव टाकलं होतं. लीलाबाई पाचोडला असतात. त्यांच्या गालाच्या नसेचं दुखणं मला माहीत होतं. पंख्याचा वारा लागला तरी त्या किंचाळतात. वर्षभर पेजेवर होत्या. दुसऱ्या चौकटीत सोमनाथनं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

उत्तर आलं: नाकारलं. रक्ताचं नातं.

तो हसला, पण हसू काही खरं नव्हतं. "मग देऊ कुणाला?"

"टेस्टच्या माणसाला दे की," मी म्हणाले. "सगळी खोटीच नावं आहेत."

सॉफ्टवेअर तपासून बघायला ती मीच भरली होती, मनाला येतील तशी. यादीत पहिलीच होती रूपा गोकुळ जगधने, वय सहा, गंगापूर. सोमनाथनं बटण दाबलं.

हलवलं.

चहा संपायच्या आत त्याचा फोन वाजला. लीलाबाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "सोमा, भाकर खाल्ली रे! कडक भाकर, ठेच्यासंगं!"

सोमनाथ टेबलावर डोकं ठेवून रडला. असलं दुखणं मधूनच थांबतं, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिनिकच्या रिसेप्शनवरून तनुजाचा फोन आला. लॉगिन होत नव्हतं. तिच्यामागे कोणीतरी ओरडत होतं.

"कोण गं ते?"

"गंगापूरची पोरगी आहे. कालपासून गालाला हात लावू देत नाही. ह्या जगधन्यांची रूपा."

मी फोन ठेवला.

"सोमनाथ, परत हलव."

"कुणाकडं? मायकडं?"

"लेकरू आहे रे ते."

"आन् माय कोण हाय?" त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी रिक्षा करून क्लिनिकला गेले. तोवर रूपानं रडणं सोडलं होतं. रडताना गाल हलतो, हे तिला कळलं होतं. चेहरा दगडासारखा ठेवून ती बसली होती, फक्त डोळे वाहत होते. तोंडात बापाचा रुमाल, दातांखाली गच्च.

तिच्या बापाला, गोकुळला, मी बाहेर नेऊन सगळं सांगितलं. त्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

"मग माझ्यावर टाका ना, ताई."

मी ऑफिसचा पत्ता दिला. माझ्यावर टाका, असं मलाही म्हणता आलं असतं. शब्द ओठांपर्यंत आले होते.

संध्याकाळी परत येऊन मी उरलेली सगळी खोटी नावं पुसून टाकली. आणखी कोणाचं लेकरू नको. मग टूलही काढलं.

सकाळी ऑफिसचं दार उघडंच होतं. सोमनाथनं टूल पुन्हा बसवलं होतं. त्याच्या शेजारी गोकुळ, मांडीवर रूपा. दोघांचं बोलणं चाललं होतं, मला पाहून थांबलं.

स्क्रीनवर दोन उत्तरं होती. गोकुळच्या नावापुढे: नाकारलं. रक्ताचं नातं. सोमनाथच्या नावापुढे: नाकारलं. मूळ दुखणं आईचं.

"ये, प्रेरणा. बस." इतक्या मायेनं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. "तुझ्या वडिलांचं नाव काय गं?"

मी दारातच उभी राहिले.

गोकुळ उठला. पोरीला खांद्यावर घेऊन तो माझ्यापर्यंत आला, खाली वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला.