दाव्याचं दुसरं टोक

खोटंच सांगायचं असतं तर मी याहून बरी गोष्ट रचली असती. हिच्यात ना पिंपळ आहे, ना पांढरी साडी, ना बाराचे ठोके.

जे घडलं ते असं.

साल १९५२. भाद्रपद महिना, पितृपंधरवडा. जागा शहाड, उल्हास नदीच्या अगदी काठावरची. आणि वेळ रात्रीची नव्हती...

दिवेलागणीची होती.

घडलं ते माझ्या आईच्या आत्याला, ठमाबाईला. आईने तिच्या तोंडून हे वीस वेळा तरी ऐकलं. दर वेळी शब्द तेच, एक इकडचा तिकडे नाही. दुसरा साक्षीदार होता परशुराम कंपाउंडर, कल्याणच्या गुरांच्या दवाखान्यातला. भुताखेतांची टिंगल करणारा माणूस.

त्यानेही त्या संध्याकाळनंतर टिंगल सोडली.

ठमाबाईचा नवरा काळुराम टांगेवाला होता. कल्याण स्टेशन ते शहाड, दिवसाला चार खेपा. त्याची घोडी लाखी, तांबूस रंगाची, डावा कान फाटलेला. आणि एक कुत्रा, खंड्या. टांगा निघाला की खंड्या टांग्याच्या खाली, दोन चाकांच्या मधोमध धावायचा. थेट स्टेशनापर्यंत. लोक मुद्दाम वाकून बघायचे.

काळुराम तापाने गेला. टांगा त्याचा धाकटा भाऊ राघो हाकू लागला. पण लाखीला दाणा ठमाबाईच्याच हातचा लागायचा. तिला मूलबाळ नव्हतं. जे होतं ते ही दोन जनावरं.

एकोणपन्नासच्या श्रावणात नदीला पूर आला. भर दुपारी. पाणी अंगणात शिरायला अर्धी घटकाही लागली नाही. लोक दिसेल ते उचलून टेकाडाकडे पळाले. राघोने ठमाबाईला दंडाला धरून ओढत नेलं.

निदान ती सगळ्यांना तसंच सांगायची.

लाखी खुंट्याला बांधलेलीच राहिली.

टेकाडावरून तिचं खिंकाळणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

दोन दिवसांनी पाणी उतरलं. लाखी खुंट्यापाशीच पडली होती, गळ्यातलं दावं ताणलेलं. तिच्या मानेला चिकटून खंड्या. त्याला कोणी बांधलं नव्हतं, तो सहज पोहून गेला असता.

दावं खुंट्यापाशी अर्ध्याहून जास्त कुरतडलेलं होतं.

ठमाबाई त्या दिवशी रडली नाही. दोघांना एकाच खड्ड्यात पुरलं. खुंटा उपटला. घरातलं प्रत्येक दावं, प्रत्येक चऱ्हाट अंगणात आणून पेटवलं. ओलं होतं, धूर फार झाला. डोळे चोळत ती म्हणाली, "ह्या दारात आता कोनी बांधलेला नसंल."

आणि तिथून ते सुरू झालं.

कल्याणच्या टांगास्टँडवर एका डोळ्याने आंधळा झालेला बुधा घोडा. खांदा सडला म्हणून मालकाने रस्त्यात सोडून दिलेला बैल. रुळावर पाय गमावलेली कुत्री. शेळ्या, एक म्हातारं गाढव. कुणी आणून सोडायचं, कुणाला ती स्वतः जाऊन घेऊन यायची. दोन म्हशींच्या दुधावर ती या सगळ्यांना पोसायची. गावाने नाव ठेवलं, ठमीचा पांजरपोळ. हसायला ठेवलेलं नाव, पण तिने ते आनंदाने घेतलं.

"आसू दे. पांजरपोळ तं पांजरपोळ."

परशुराम कंपाउंडर दर शनिवारी सायकलवरून यायचा. मलम, फिनेल, पट्ट्या घेऊन. जनावरं मोकळी असायची, पण एकही कधी पळून गेलं नाही. त्याला याचं फार नवल वाटायचं.

तीन वर्षं अशी गेली.

बावन्नच्या पितृपंधरवड्यात काळुरामची तिथ आली. ठमाबाईने कावळ्याला पान ठेवलं. एक नाही, तीन. एक काळुरामचं, एक लाखीचं, एक खंड्याचं.

राघो चिडला. "वैनी, जनावराचं कोन पान ठेवतं? लोक काय बोलतील?"

"लोकांना बोलू दे. माजी मानसं हायत ती."

कावळे आले. काळुरामच्या पानावर बसले, घास घेतला.

बाजूच्या दोन पानांना... शिवले नाहीत.

ती उन्हात उभी राहिली. दुपार झाली. कावळे कुंपणावर बसून त्या दोन पानांकडे बघत होते. नुसते बघत होते.

त्याच दिवशी दिवे लागायच्या वेळेला ती म्हैस पिळत होती. बाहेर कुत्र्यांची नेहमीची भुंकाभुंक चालू होती.

भुंकणं एकदम थांबलं.

एक कुत्रं गप्प होतं, मग दुसरं होतं, तसं नाही. सगळी एकदम.

मग नदीकडून आवाज आला.

टप... टप... टप...

ओल्या मातीत टापा. आणि मागे काहीतरी ओढत आल्यासारखं... सर्रर्र.

कुंपणाच्या वाटेशी येऊन आवाज थांबला. गाळाचा वास सुटला. पूर ओसरल्यावर घरात येतो, तसला.

ती कंदील घेऊन बाहेर आली. वाटेत कोणी नव्हतं.

एक शेळी कमी होती.

शेळीच्या खुरांचे ठसे सरळ नदीत गेले होते. त्यांच्या बाजूने चिखलात एक ओली रेघ. दावं ओढल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी तिने वाटेत तीन बांबू आडवे बांधले. संध्याकाळी कुत्री पुन्हा गप्प झाली. टापा पुन्हा आल्या. या वेळी ती धावतच बाहेर आली... तरी उशीर झाला.

बैल गेला होता.

तिन्ही बांबू वाटेच्या बाजूला ठेवलेले. मोडलेले नाहीत, पडलेले नाहीत. एकावर एक, नीट रचून.

जनावर बांबू रचत नाही.

बैल सकाळी खालच्या वळणावर सापडला. फुगलेला. अंगावर जखम नाही, ओरखडा नाही. फक्त गळ्याभोवती केस घासून गेलेले.

गावात बोभाटा झाला. राघो नवी कोरी दावी खांद्यावर टाकून आला. "वैनी, बांध सगल्यांना. बांधलेलं जनावर कोन नेनार?"

ठमाबाईने दावी त्याच्या खांद्यावरून काढली आणि कुंपणाबाहेर भिरकावली.

"बांधलेलीच तं गेली, राघो. लाखी बांधलेलीच गेली."

शनिवार होता. परशुराम कंपाउंडरही आला होता. त्याने शांतपणे समजावलं. "ठमाबाई, हे बघा, नदीला ओढ आहे, जनावरं पाण्यावर जातात, पाय घसरतो. यात भूत वगैरे काही नाही. चार दिवस बांधा. जनावरं वाचवायचीत ना तुम्हाला?"

"वाचवाचीत. पन बांधून नाय."

"हा हट्ट झाला."

"हा. हट्टच हाय. तुमी थांबा संध्याकाळपर्यंत, आनि बघा."

तो थांबला. तिला खोटं ठरवायलाच थांबला.

सूर्य बुडाला. ठमाबाईने कमरेला विळा खोचला आणि कुंपणाच्या वाटेत जाऊन उभी राहिली. परशुराम कंदील घेऊन ओसरीवर. बुधा घोडा अंगणाच्या मधोमध गवत चघळत होता.

कुत्री भुंकत होती.

भुंकत होती...

गप्प झाली.

परशुरामने नंतर सांगितलं, "मी स्वतःचा श्वास ऐकला. नदीचा आवाजसुद्धा थांबला होता."

टप... टप... टप...

सर्रर्र...

गाळाचा वास आला. बुधाने चघळणं थांबवलं. त्याचा चांगला डोळा वाटेकडे वळला. मग त्याची मान पुढे ताणली गेली. खेचल्यासारखी. त्याने पाय रोवले. पाय तसेच चिखलातून पुढे घसरू लागले.

गळ्याभोवतीचे केस दबले होते. दावं मात्र नव्हतं.

ठमाबाई पुढे झाली. बुधाच्या मानेपुढच्या मोकळ्या हवेत तिने हात घातला...

आणि तिच्या मुठीत ओलं दावं आलं.

दिसत काहीच नव्हतं. पण हाताला लागत होतं. जाड, थंडगार, गाळाने बुळबुळीत.

तिने दोन्ही हातांनी ते धरलं. आणि अंधारात रोखून बघत बोलली. परशुरामने शब्दन् शब्द ऐकला.

"लाखे. मना ठावं हाय तू कशाला आलीस. राघोनी मना ओढली नव्हती. मना कोनीच ओढली नव्हती. येल होता. मी तुजं दावं सोडू शकत होतू. पन मी तांदलाचं गाठोडं उचललं. दोनी हात त्यातच अडकले. तू मना हाक मारीत होतीस, आनि मी मागं नाय बघलं."

दावं जरा सैल झालं.

"रागव माज्यावर. जलमभर रागव. रोज ये. पन ह्यांनी तुजं काय केलं? ह्यांच्यातला एक पन नाय देनार. आनि मी पन येनार नाय. मी गेलू तं ह्यांना कोन?"

घोड्याने नाकातून सोडावा तसा एक श्वास... तिच्या अगदी तोंडावर आला. थंड.

तिने विळा काढला. बुधाच्या मानेपाशी दावं कापलं. काट्कन आवाज झाला. बुधा मागच्या मागे बसलाच.

आता टोक तिच्या हातात होतं. सोडून दिलं असतं तर संपलं असतं.

तिने सोडलं नाही. दाव्याला धरून, एकेक हात पुढे सरकवत, ती कुंपणाबाहेर गेली. अंधारात.

"ठमाबाई! मागं या!" परशुराम ओरडला. त्याच्याने ओसरीची पायरी उतरवेना.

चार पावलांवर तिच्या हाताला ओली आयाळ लागली. मग कपाळ. मग डावा कान...

फाटलेला.

ती मानेवरून हात फिरवत गेली. लाखी थरथरत होती. पावसात उभी असल्यासारखी. खाली, तिच्या पायांशी, काहीतरी केसाळ, भिजलेलं घोट्याला घासून गेलं.

आणि मग हात लाखीच्या गळ्यावर आला.

तिथेही दावं होतं. गळ्यात रुतलेलं, ताठ. तिच्याकडून पुढे नदीकडे गेलेलं.

ताणलेलं.

लाखी कोणालाच ओढत नव्हती. लाखीलाही कोणीतरी ओढत होतं.

आई सांगायची, इथपर्यंत आलं की आत्याचा आवाज चढायचा. भीतीने नव्हे. संतापाने. तीन वर्षं पोटात ठेवलेला सगळा संताप त्या घडीला वर आला.

"कोन हाय रे तिकरं?" ती नदीकडे तोंड करून ओरडली. गावात ऐकू गेलं म्हणतात. "समोर ये! मुक्या जनावराला बांधून काय आनतंस? समोर ये ना!"

पाण्यात काहीतरी हललं. मोठं. सावकाश.

तिने विळा घातला. दावं तुटेना. पुन्हा घातला. पुन्हा. पाय घसरत घसरत पाण्याच्या काठाला आले. घोट्याला पाणी लागलं. तिने दावं दातात धरलं आणि खालून विळा ओढला...

काट्कन.

पुढचं दोघांनी ऐकलं. तिने काठावरून, परशुरामने ओसरीवरून.

टापा उधळल्या. भरधाव. नदीकडे नाही, टेकाडाच्या दिशेने. आणि त्यांच्याबरोबर छोट्या पंजांची धावपळ, अगदी टापांच्या मधोमध. आवाज दूर दूर जात विरून गेला.

मग कुत्री भुंकायला लागली.

पण त्याच वेळेला दुसराही आवाज चालू होता. तुटलेलं दावं चिखलातून नदीकडे सरकत होतं.

सर्रर्र... सर्रर्र...

घाई नव्हती. कोणीतरी हाताने गुंडाळत असावं, तसं.

दुसऱ्या दिवशी ठमाबाईने पुन्हा दोन पानं ठेवली. कावळे क्षणात त्यांना शिवले.

त्यानंतर तिच्या दारातलं एकही जनावर नदीत गेलं नाही. पांजरपोळ वाढला. राघो स्वतः येऊन गवत टाकू लागला. परशुरामने दवाखान्यातली टाकलेली जनावरं तिच्याकडे पोहोचवली. एकावरही दावं चढलं नाही.

पण रोज दिवेलागणीला ठमाबाई विळा घेऊन कुंपणाच्या वाटेत जाऊन उभी राहायची. पाऊस असो, ताप असो. एकोणीस वर्षं.

आईने तिला एकदा विचारलं, "आत्या, दाव्याच्या त्या टोकाला कोण होतं?"

ती म्हणाली, "नाय ठावं गो. लाखीला त्यानी बुडाल्यावर धरली, का आधीपासून धरून होता, ते पन नाय ठावं."

"मग भीती नाही वाटत?"

"त्याला वाटू दे. मी हाय ना उभी."

ठमाबाई एकाहत्तर साली गेली. झोपेत, शांतपणे. परशुराम तेव्हा निवृत्त झाला होता. तो त्याच दुपारी टेम्पो घेऊन आला आणि सूर्य बुडायच्या आत सगळी जनावरं कल्याणला हलवली. एक शेळीसुद्धा मागे ठेवली नाही. का, ते कोणी विचारलं नाही.

आता तिथे इमारती आहेत. नदीच्या बाजूला कुंपणाची भिंत, भिंतीत एक लोखंडी फाटक. मागच्या भाद्रपदात मी मुद्दाम संध्याकाळी तिकडे गेलो. सोसायटीची चार-पाच कुत्री फाटकाशी भुंकत होती.

मी घड्याळ पाहिलं. सहा चाळीस.

ती गप्प झाली. सगळी एकदम.

मी तिथे थांबलो नाही. मला लाज वाटते सांगायला, पण मी मागे वळूनही पाहिलं नाही.

फाटकात आता विळा घेऊन कोणीच उभं नव्हतं.