कृष्णेच्या उतारावरून एक खेप

सिमेंटच्या उतारावरून होडी पाण्यात सरकली, तेव्हा तिघांचं एकच ठरलं होतं: अंधार पडायच्या आत रंगुबाईला आणि मेंढरांना अलीकडे आणायचं.

सिद्धू माण तालुक्यातला मेंढपाळ. त्याचा कळप नदीपलीकडे, लालासाहेबांच्या सोयाबीन काढलेल्या रानात बसवलेला होता. लेंडीखत मिळतं म्हणून बागायतदार असे कळप मुद्दाम बोलावतात. दसरा झाला तरी पाऊस हटेना. सिद्धू पीठमीठ आणायला गावात आला आणि भरल्या धरणाचं पाणी सुटलं. पूल बुडाला. त्याची आई रंगुबाई आणि मेंढरं उंचवट्यावर अडकली.

होडी लालासाहेबांची. ते निवृत्त फौजी. वल्ह्यावर त्यांची लेक दीपमाला. दोन्ही काठांना काळ्या मातीची उभी दरड, त्यामुळे गावाच्या बाजूला होडी लावायला हा सगळ्यांसाठी बांधलेला उतारच काय तो. तो चुकला, की खाली बंधारा!

पलीकडे पोचेपर्यंत तिघांचे खांदे भरून आले. सिद्धूनं होडी बाभळीला आखूड दोरीनं करकचून बांधली आणि तिघं कोकरं गोळा करायला वर चढले.

शेळी आखूडच बांधावी, म्हणजे ती पिकात शिरत नाही. पण मुलांनो, पाणी चढलं की होडीला वर यायला दोरी सैल लागते. ते माणच्या कोरड्या रानात कोण शिकवणार?

“आबा, होडी!” दीपमाला ओरडली.

पाणी चढलं होतं. आखूड दोरीनं होडीचं नाक खाली ओढलं गेलं होतं. होडी भरत होती!

“आरं सिद्धू, होडी हाय ती, शेळी न्हवं!” लालासाहेब खेकसले.

“आवं, गाठ सुटंना!”

रंगुबाईनं कोयता फेकला. सिद्धूनं घाव घातला. दुसरा घातला. दोरी तुटली! होडी उसळली, पण एक वल्हं वाहून गेलं.

रंगुबाई पातेल्यानं पाणी उपसू लागली. “आता मेंढरं न्हाई बसायची,” लालासाहेब धापा टाकत म्हणाले. “कोकरं घ्या.”

“सगळा संसार हाय माजा त्या मेंढरांत,” सिद्धू पुटपुटला. तरी त्यानं कोकरं उचलली आणि चौघं होडीत बसले.

परतीला एक वल्हं आणि एक बांबू. प्रवाह त्यांना खाली रेटत होता. उतार समोर आला. बाजूला सरला!

“डावीकडं! ओढ, पोरी!”

दीपमालाच्या तळहातांची सालं निघाली. सिद्धूनं बांबू रोवला. तो वाकला, पण टिकला. तळाशी सिमेंट खरडल्याचा आवाज आला आणि होडी उतारावर चढली.

कोणीच लगेच उठलं नाही. मग सिद्धू उभा राहिला. “अजून एक खेप, आबा.”

“न्हाई गड्या. उजेड गेला, हातात बळ न्हाई. पानी बी चढतंय.”

“दीपा, तू तरी सांग की.”

दीपमालानं सोललेले हात पुढे धरले.

सिद्धू ओल्या सिमेंटवर बसला. पलीकडे आता काही दिसत नव्हतं. फक्त मेंढरांचं ओरडणं येत होतं. इकडून कोकरं त्यांना उत्तर देत होती.

रंगुबाई त्याला टेकून बसली.

“ऐकू येतंय न्हवं?”

“व्हय.”

“मग हायत.”

पुन्हा आवाज आला. सिद्धूनं मान गुडघ्यात घातली आणि तो ऐकत राहिला.