लाव्ह्याने सोडलेली जागा

थिजलेल्या लाव्ह्याच्या त्या माळावर ती दोघं आली होती ती नेहमीच्याच कामासाठी. ती भूशास्त्रज्ञ, आणि तिचा पाठचा भाऊ ड्रोन उडवणारा. वरून फोटो काढायचे, ते जोडून उंचसखल नकाशा बनवायचा, आणि दगडावरच्या सुरकुत्यांवरून तो तापलेला रस एके काळी कसकसा वाहत गेला ते ओळखायचं. दुधावरची साय सुरकुतते ना, तशाच त्या सुरकुत्या.

दुपारी उघड्या टपाच्या गाडीत बसून नकाशा बघता बघता ती एका जागी थबकली. लाव्हा उतारावरून सरळ आला होता आणि मध्येच दोन्हीकडे फाकून, खोलीएवढी जागा मोकळी सोडून, पुढे पुन्हा एक झाला होता.

"मध्ये टेकाड असेल," भाऊ म्हणाला.

"नाही रे. जमीन सपाट आहे. आडवं यायला काहीच नाही."

"मग कुणाला तरी मान देऊन बाजूने गेला असेल." तो हसला आणि मोजणीची पांढरी फळी काखोटीला मारून तिकडे निघाला.

थोड्या वेळाने वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला. "पोचलो गं. इथे मऊ माती आहे... आणि काय शांत आहे. वाऱ्याचासुद्धा आवाज नाही."

मग काहीच नाही. तिने हाका मारून पाहिल्या. शेवटी ती उठणार, तोच तो दगडांतून सावकाश चालत येताना दिसला.

"तुझा वॉकीटॉकी कुठाय?"

"राहिला तिथेच. उद्या आणू."

उन्हं कलली तसं त्याने उष्णता टिपणारा कॅमेरा लावून ड्रोन वर सोडलं. उन्हात तापलेला लाव्ह्याचा जाड थर उशिरा निवतो, पातळ लवकर. ते पडद्यावर रंगांत दिसतं, ऊबदार ते पिवळं, गार ते निळं. काम आटोपून ड्रोन परत फिरलं आणि गाडीच्या वर येऊन हवेतच घरघरत थांबलं. पडद्यावर तिला ती स्वतः दिसली, पिवळी. शेजारी चहाचा कप होता, तोही पिवळाधमक. पण कप धरणारा हात भोवतालच्या दगडासारखाच निळा होता. हातामागचा माणूसही.

तिने मान वळवली. तो चहावर फुंकर घालत होता, लहानपणापासून घालायचा तशीच.

"काय झालं?"

"काही नाही."

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा वॉकीटॉकी खरखरला. "ताई... ऐकतेयस ना? कधीचा हाका मारतोय मी."

शेजारच्याने हात लांबवून आवाज बारीक केला. "चल, निघू या," तो हळूच म्हणाला. "आई वाट बघत असेल."

ती वॉकीटॉकी घेऊन खाली उतरली. त्याने अडवलं नाही. नकाशा बघत, ठेचकाळत ती त्या जागी पोचली. माती नव्हती. फळी नव्हती. दगडाच्या सुरकुत्या इकडून तिकडे सलग गेल्या होत्या, कुठेही न फाकता.

तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "आलेय रे मी... कुठे आहेस तू?"

"हं, आता दिसलीस." जीव भांड्यात पडावा तसा त्याचा आवाज सैल झाला. "अगदी माझ्या डोक्यावर उभी आहेस."