दवावरची मोजणी

त्या सकाळी मी बाकावर बसले, वही मांडीवर उघडली, पेन्सिलीला टोक केलं... आणि जमिनीतून पाणी उसळलं. एकदम चहूबाजूंनी! मी किंचाळले. वही छातीशी धरून पळावं कुठं तेच कळेना. जिकडे जावं तिकडे फवारा. धुक्यातून कुणीतरी धावत आलं, खाली वाकून चावी फिरवली, आणि पाणी थांबलं.

"साडेसहापर्यंत इथं बसायचं नसतं," तो म्हणाला.

"मग तशी पाटी लावायची!"

"लावली आहे." त्यानं माझ्यामागे बोट दाखवलं. "तिलाच टेकून बसला होतात."

मी वळून पाहिलं. पाटी होती. तो हसला नाही, पण हसू आवरताना त्याच्या गालाला खळी पडली. वहीत काहीही लिहिण्याआधी मी ती खळी टिपून ठेवली.

आमच्या गावाच्या मधोमध ते गोल्फचं मैदान होतं, नगरपालिकेचं. नावाला सगळ्यांचं, पण खेळणारे मोजकेच. बाकीचं गाव कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेनं धूर खात फिरायचं. आता खेळ बंद करून मैदान सगळ्यांना खुलं करावं, असा ठराव आला होता आणि गावात उभे दोन तट पडले होते. निकाल सभेत लागायचा होता. त्याआधी आत किती खेळतात आणि बाहेर किती चालतात, हे एकवीस दिवस मोजायचं काम नगररचना कार्यालयानं माझ्याकडे दिलं. फाटकाजवळच्या त्या बाकावरून दोन्ही दिसायचं.

तो तिथली हिरवळ राखायचा. सगळे त्याला गवत्या म्हणत. दुसऱ्याच दिवशी त्यानं माझं नाव मोजणीबाई ठेवलं.

"मोजणीबाई, चपला काढा."

"का म्हणून?"

"काढा तर."

मी काढल्या. झेंड्याभोवतीच्या मऊ गवतावर पाऊल टेकलं आणि दवाचा गारवा तळव्यातून सरसरत वर आला. डोळे आपोआप मिटले. उघडले, तेव्हा तो गवताकडे पाहत नव्हता...

कापलेल्या गवताचा वास त्याच्या हातांना कायम असायचा. त्याला तो जाणवत नसे. मला मात्र तो यायच्या आधी तो वास यायचा, आणि पेन्सिल हातात तशीच राहायची.

एकदा त्यानं काठी माझ्या हातात दिली. मी जीव खाऊन टोला हाणला. चेंडू थेट तळ्यात!

"मला खेळाडूंत धरायचं का?" मी विचारलं.

"बेडकांत धरा," तो म्हणाला.

घरी वेगळाच प्रकार. मैदान खुलं करा म्हणणाऱ्यांची पुढारी होती माझी आत्या. मागच्या वर्षी रस्त्याकडेला चालताना तिला स्कूटरनं उडवलं होतं, तेव्हापासून ती पेटलेली.

"किती झाले गं खेळाडू?" ती रोज जेवताना विचारायची.

"सांगायचं नसतं, आत्या."

"तू शिंकलीस आणि तेवढ्यात दोन-चार सुटून गेले, तर कुणाला कळणार आहे?"

"मी शिंकत नाही."

गवत्यानं मात्र एकदाही विचारलं नाही. मला तेच टोचायचं. खेळ बंद झाला तर त्याचं काम जाणार होतं.

एकविसाव्या सकाळी मी वही मिटली. आत्याला न सांगितलेला आकडा मी त्याला सांगितला. "रोजचे चौदा. बाहेर सव्वाचारशे."

त्यानं झेंड्याकडे पाहिलं. "नऊ वर्षं झाली मला इथं," तो म्हणाला. मग हळूच— "खरं तेच लिहिलंस ना?"

"हो."

"मग झालं."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, आणि तेही अशा वेळी! तो गवत कापायच्या यंत्राकडे निघून गेला. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सभेच्या संध्याकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खेळणाऱ्यांतले म्हातारे डॉक्टर थरथरत्या आवाजात म्हणाले, "बायको गेल्यावर या मैदानानं मला जगवलं."

"आम्हालाही जगायचंय, डॉक्टर," आत्या उठून म्हणाली. "जरा सरका आणि आम्हाला आत घ्या, एवढंच."

मग मी आकडे वाचले. वाचून होतात न होतात तोच एक वकील, रोज खेळायला येणारे, ताडकन उभे राहिले. "हिची सख्खी आत्या पहिल्या रांगेत बसलीय! कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा की!"

एकच गलका झाला. माझे कान तापले, वहीतली अक्षरं विरघळायला लागली.

"आकडे बरोबर आहेत."

आवाज शेवटच्या रांगेतून आला. धुतलेला सदरा, ओले विंचरलेले केस... गवत्या उभा होता. "दवावर पावलं उमटतात. मीही रोज मोजत होतो. चौदाच भरतात. एखाद्या दिवशी बाराच."

"अरे, खेळ बंद झाला तर तुझं काम जाईल!" वकील ओरडले.

"जाईल. म्हणून चौदाचे चाळीस होत नाहीत." तो सगळ्यांकडे वळला. "फक्त एक मागतो. मैदानाच्या नव्या नकाशात फरशा दाखवल्यात, त्या घालू नका. लोकांना गवतावर चालू द्या."

ठराव मताला टाकला गेला. मग हात वर होऊ लागले. खेळ बंद, हिरवळ कायम! सगळ्यांत शेवटी, सावकाश, डॉक्टरांचाही हात वर गेला.

गवत्या बाहेर पायऱ्यांवर बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. आकाश अजून जांभळं होतं.

"आता तुझ्या कामाचं काय?" माझ्याही तोंडून 'तू' गेलं.

"बघू. गवत कुठं उगवत नाही?"

"आणि तू कशाला मोजत होतास? तुला कुणी सांगितलं होतं?"

तो नखांकडे पाहू लागला. "आधी खेळाडू नव्हतो मोजत. दिवस मोजत होतो... एकविसातले किती उरले ते. मग तू मोजतेस म्हणून पावलंही मोजायला लागलो. विसाव्या दिवशी तर घास उतरेना."

"मला वाटलं, रागावलास. वळून पाहिलंसुद्धा नाहीस."

"पाहिलं असतं तर यंत्र सरळ गेलं नसतं."

"मग बोलला का नाहीस इतके दिवस?"

"तुझी मोजणी चालू होती ना. बोललो असतो तर... आकडा फिरवायला बोललो असं झालं असतं."

मी त्याच्या खरबरीत तळव्यावर हात ठेवला. "मोजणी संपली."

"नक्की?"

"नक्की."

मग त्यानं सांगितलं. फक्त मलाच ऐकू जावं इतक्या हळू सांगितलं, म्हणून ते इथं लिहीत नाही.

तेवढ्यात दारातून आत्या आली, घोषणा देऊन घसा बसलेली. "घरी यायचंय की नाही?"

"येतो!" तो गडबडून उभाच राहिला.

"तुला नव्हतं विचारलं," आत्या म्हणाली. मग तिची नजर आमच्या हातांवर गेली आणि जरा तिथंच रेंगाळली. "पण ये."

एरवी दर खांबापाशी थांबून दम घेणारी माझी आत्या त्या संध्याकाळी मुद्दाम भराभर चालत राहिली, आमच्या कितीतरी पुढे.