बाबांचं मत समोरच्याला

हेल्मेट घातलेली ती दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होती आणि तो खांद्यावर कॅमेरा टाकून मोठ्या ऐटीत उतरत होता. वळणावर टक्कर व्हायचीच, झाली!

"माफ करा हं," तो हसला. गोड हसतो की मेला, तिला वाटून गेलं. "जरा खुशीत होतो. वर उमेदवारबाईंचे वडील राहतात ना, काय भन्नाट बोलले! मुलगी गुणी आहे म्हणे, पण हट्टी. घरात माझं ऐकत नाही, लोकांचं काय ऐकणार? माझं मत समोरच्याला!"

तिने सावकाश हेल्मेट काढलं. पोस्टरवरचा चेहरा समोर बघून त्याचं हसू पार उडालं.

"बातमी... लावावी तर लागेल," तो चाचरला.

"लावा की! बाबांचं तोंड मला आजवर धरता आलं नाही, तुम्ही काय धरणार?"

संध्याकाळपर्यंत शहरभर बोभाटा झाला. पक्षाचे अध्यक्ष कपाळाला हात लावून बसले. वडिलांना वयोमानाने भ्रम होतो असं सांगून टाक, नाहीतर सीट गेली म्हणून समज, असं त्यांनी तिला बजावलं. जिंकायचं तर तिला होतंच, अगदी जीव तोडून. पण बाबांना भ्रमिष्ट ठरवून?

पत्रकार परिषदेत पहिला हात त्याचाच वर. "वडिलांची तब्येत बरी नसते, असं पक्षाकडून कळलं. खरं आहे?"

अध्यक्षांनी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "सकाळीच माझ्याशी कडाकडा भांडले. मी हट्टी आहे, हेही खरं. त्यांचं मत त्यांनी हवं त्याला द्यावं. मी बाकीच्यांकडे मागते!"

हशा पिकला. अध्यक्षांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. आणि तो? लिहायचं विसरून तिच्याकडे बघतच राहिला... तिनेही ते बरोबर टिपलं.

मग रोज सभा, रोज सवाल-जवाब. तो खोचक विचारायचा, ती सडेतोड उत्तर द्यायची, आणि निघताना दोघंही उगाच रेंगाळायची. एके दिवशी मात्र त्याच्या जागी दुसराच पत्रकार आला. भाषणात तिचं लक्षच लागेना. बाहेर आली, तर फाटकाशी तो उभा. कॅमेरा नाही, काही नाही.

"आज दांडी?"

"तुमच्या बातम्या सोडल्या मी. संपादकांना स्वतःच सांगितलं."

"अगंबाई! बाबा आणखी काही बोलले की काय?"

"नाही हो. मी... आता तटस्थ नाही राहिलो. तुमच्याविरुद्ध लिहायची वेळ आली, तर माझा हात चालायचा नाही."

ऐन निवडणुकीत एवढं मोठं काम त्याने तिच्यापायी सोडलं होतं. तिचे कान गरम झाले. "सरळ बोला ना."

"आवडता तुम्ही मला. फार."

"सुटले बाई! मला वाटलं, हेही मलाच बोलावं लागतंय." तिने खुशाल त्याचा हात धरला.

तेवढ्यात रस्त्यापलीकडचे दोन कॅमेरे त्यांच्याकडे वळले. त्याने हात सोडवायची धडपड केली. "अहो, सोडा! उद्या हीच हेडलाईन. मतं जातील तुमची."

तिने हात आणखी घट्ट धरला आणि त्याला घेऊन थेट कॅमेऱ्यांकडेच निघाली. "चला. त्यांनी विचारायच्या आत आपणच सांगू."