नाशिकला कधी जायचं?

पोपट त्याच संध्याकाळी परत आला, पिंजऱ्यात शिरला आणि मिरची खाऊ लागला.

वरील वाक्य मागे घेण्यात येत आहे. असं काही झालं नाही.

झालं ते असं. २००३ सालच्या जानेवारीत नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यातून पोपट चोरीला गेला आणि खासगी गुप्तहेर मोहिनी गायधनी, सहकारी ओवेसच्या स्कूटरवर मागे बसून, तिथे पोचली. एजन्सीकडे कामं यायची ती लग्नाआधीच्या चौकशीची. पोपटाच्या चौकशीची ओवेसची ही पहिलीच वेळ. सवयीप्रमाणे त्याने पोपटाच्या मागच्या लफड्यांबद्दल विचारायचं ठरवलं होतं.

बंगला दिगंबर क्षेमकल्याणींचा. देशाच्या मध्यवर्ती बँकेचे निवृत्त डेप्युटी गव्हर्नर. हॉलमध्ये भलंमोठं जेवणाचं टेबल होतं आणि एक खुर्ची सोडून बाकी सगळ्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. ओवेस बसला तर खुर्ची करकरली. साहेब दचकले. त्या खुर्चीचा आवाज त्यांनी बहुधा कधी ऐकलाच नव्हता.

"पोलिसांत का नाही गेलात?" मोहिनीने विचारलं.

"पोपट पाळणं गुन्हा आहे. आमच्या मिसेसने, विमलने, पाळला तेव्हा माहीत नव्हतं. कळलं तेव्हा मी निर्णय पुढे ढकलला."

"संशय कुणावर?"

"सर्व शक्यतांवर आमचं लक्ष आहे."

हे उत्तर ओवेसला फारच आवडलं. अब्बांनी पुन्हा लग्नाचं काढलं की वापरायचं.

"काल पहाटे तुम्ही कुठे होतात?"

"झोपलो होतो. नवसाबाईने चहाला उठवलं, तेव्हा पिंजरा रिकामा."

"काय बोलायचा तो?"

साहेब पडद्याकडे बघत राहिले. "विमलच्या आवाजात विचारायचा, 'नाशिकला कधी जायचं?' मग माझ्या आवाजात, 'योग्य वेळी.'"

मुंबईच्या क्वार्टर्समध्ये ती दोघं वर्षानुवर्षं एवढंच बोलली, त्याचा हा परिणाम. "व्याजदराबद्दल एक शब्द निसटला तर बाजार हलतो," साहेब म्हणाले. "मग घरीही सरळ उत्तर द्यायची सवय गेली. देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली त्या उन्हाळ्यात मी ऑफिसातच झोपायचो. तेव्हासुद्धा फोनवर तिने हेच विचारलं." त्यांनी टेबलावरून हात फिरवला. "हा बंगला बांधून झाला आणि इथे यायच्या आधीच ती गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. कॅसेट नाही, काही नाही. तो पोपट मला परत हवाय."

स्वयंपाकघरात नवसाबाई भांडी घासत होती. मूळची हरसूलची.

"मावशी, पोपट कुणी नेला असेल?"

"मला काय ठावं? मी कशाला नेऊ? आमच्या रानात लय हायेत, फुकट. आन् हे चावरं पाखरू!" तिने बोट दाखवलं. "बाजाराच्या दिवशी गावाला गेले का मी त्याच्यासाठी मिरच्या आनते. ह्या खेपेला, परवा निघाले तवा, साहेब म्हनले, नको आनू. म्हनलं, बरं झालं, वझं कमी."

शेजारचा किशोर शेअर ब्रोकर होता. तो कंपाउंडच्या भिंतीपाशीच सापडला.

"कबूल करतो," तो म्हणाला. ओवेसने खिशातून स्कूटरची किल्ली काढून ठेवली. पाठलाग झाला तर असावी. "मी इथे कान लावून बसायचो. काकांचा पोपट, कधीतरी व्याजदर बोलून जाईल! 'योग्य वेळी, योग्य वेळी' ऐकत एक शेअर विकला नाही मी. बुडालो."

"आणि काल पहाटे?"

"काल नवीनच बोलला ना! काकूंचा आवाज, 'नाशिकला कधी जायचं?' आणि लगेच काकांचा आवाज, 'आलो ना गं.' बाजार उघडताच मी सिमेंटचे शेअर घेतले."

"सिमेंट का?"

"आलो म्हणजे तेजी आली! पण त्याच्या पाठोपाठ परत, 'योग्य वेळी.' मग सगळं गप्प."

"ताई, हाच चोर," ओवेस कुजबुजला. "कसम से. घाबरलाय बघा."

"तो सिमेंटला घाबरलाय," मोहिनी म्हणाली. "चल आत."

हॉलमध्ये तिने साहेबांसमोरच्या खुर्चीचं प्लॅस्टिक ओढून काढलं आणि बसली.

"साहेब, पोपट चोरीला गेला नाही. तुम्ही सोडलात."

"यावर आताच भाष्य करणं उचित नाही," साहेब म्हणाले. अशा उत्तरांत त्यांचा हातखंडा होता.

"नवसाबाई बाजाराला निघाली तेव्हा पोपट पिंजऱ्यातच होता. तरी तुम्ही मिरच्या नको म्हणालात. चोरी होणार हे चोराखेरीज कुणाला आधी कळतं? निर्णय तेव्हाच झाला होता. अंमल काल केलात."

"पण झोपले होते ना साहेब?" ओवेस म्हणाला.

"पोपटाला नवीन वाक्य एका रात्रीत येत नाही, ओवेस. 'आलो ना गं' हे पोपट बोललाच नाही. पिंजऱ्यासमोर उभं राहून साहेबांनी तिला उत्तर दिलं. सरळ, पहिल्यांदा. आणि पुढचं 'योग्य वेळी' मात्र पोपटाचं होतं."



"माझा तो आवाज मला ऐकवेना," साहेब म्हणाले. "एकदा शेवटचं उत्तर देऊन बघितलं. त्याने तिला पुन्हा तेच सांगितलं. मी दार उघडलं. तो उडाल्यावर लक्षात आलं, तिचा आवाजही त्याच गळ्यात होता."

"मग चुकलं म्हणायचं ना, साहेब. चोरी कशाला?"

"आमच्यात निर्णय चुकला असं म्हणत नाहीत. बाह्य घटकांमुळे झालं असं म्हणतात."

बाह्य घटक म्हणजे चोर, हे ओवेसला फाटकापाशी पोचल्यावर समजलं. तो मागे वळला, आत गेला आणि दुसऱ्या खुर्चीचं प्लॅस्टिक काढून बसला.

बाहेर चिंचेवर पोपट उतरायला लागले होते. सगळे हिरवे आणि सगळे एकदम बोलणारे. साहेबांनी खिडकी उघडली, खूप वेळ ऐकलं, आणि मग म्हणाले, "तुमचं अक्षर बरं आहे का? घ्या लिहून."

ओवेसने लिहून घेतलं:

प्रति, वन विभाग, नाशिक. महोदय, गंगापूर रोडवरील चिंचेच्या झाडावर सायंकाळी वस्तीस येणाऱ्या पोपटांपैकी जो पोपट "नाशिकला कधी जायचं?" अशी पृच्छा करील, त्यास आपल्या कार्यालयामार्फत कळविण्यात यावे की अर्जदार नाशिकला आला आहे, आणि यापूर्वी वेळोवेळी दिलेली सर्व उत्तरे रद्द समजण्यात यावीत, ही नम्र विनंती.